तुंगाबाई, कोड नऊ

सर्वेक्षणात सैनिकी कुटुंबांचा कोटा बाराचा होता आणि अकरा भरली होती. बाराव्यासाठी वासुदेवने तीन दिवस बंगळूरभर माणसं पिटाळली. चौथ्या दिवशी तो टॅब्लेट काखेत मारून स्वतःच्याच घराचा जिना उतरला.

खाली तुंगाबाई राहत. मल्लेश्वरममधलं ते घर त्यांचं, वरच्या दोन खोल्यांत भाडेकरू वासुदेव. त्यांचं कुटुंब चार पिढ्यांपूर्वी बंगळुरात आलेलं. घरात अजून मराठी बोलत आणि पेपर कन्नड वाचत. वासुदेव चार वर्षांपूर्वी पुण्याहून आला. त्याला कन्नड वाचता येत नव्हतं, रिक्षावाल्याला ‘स्वल्प पुढे’ एवढं म्हणता येत होतं. तुंगाबाईंचा मुलगा मोहनकुमार हवाई दलात, सध्या उत्तरेत कुठेतरी. नेमकं कुठे ते तो सांगत नसे आणि घरातले विचारत नसत. सून रूपश्री सातव्या महिन्यात होती आणि सासरीच होती.

वासुदेव ज्या कंपनीत होता ती लोकांची मतं मोजायची. कचेरी बेळ्ळंदूरला, काचेच्या इमारतीत अकराव्या मजल्यावर. तिथे पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात लोकांची मतं बदलतात, असा तिथला जुना विनोद होता. त्या महिन्यात सीमेवर तणाव होता. टीव्हीवर रोज संध्याकाळी युद्ध सुरू होई आणि जाहिरातींसाठी थांबे. शहरातल्या एका मोठ्या पेपरची इंग्रजी आवृत्ती होती आणि कन्नडही. लोकांना युद्ध हवं आहे का, हे त्या पेपरला आठवड्याभरात मोजून हवं होतं.

ओळखीच्या माणसाची मुलाखत घ्यायची नाही, हा या कामातला पहिला नियम. वासुदेव दर वर्षी तो नव्या मुलांना शिकवत असे.

“काकू, वीस मिनिटं द्या,” तो म्हणाला.

“या की वासुदेवण्णा. उप्पीट होतंय. बसा स्वल्प.”

तुंगाबाई बासष्टच्या, वासुदेव चव्वेचाळीसचा, तरी त्या त्याला अण्णाच म्हणत. भाडेकरूला मान द्यायची त्या घरची रीत होती.

वीस मिनिटांची मुलाखत बावन्न मिनिटं चालली. घरात किती माणसं, किती खोल्या, फ्रिज आहे का, हे झाल्यावर मुख्य प्रश्न आला. सध्याच्या परिस्थितीत देशाने काय करावं? एक, पूर्ण युद्ध. दोन, मर्यादित कारवाई. तीन, आधी बोलणी आणि ती फसली तर कारवाई. चार, फक्त बोलणी. नऊ, सांगता येत नाही. मधले पाच ते आठ कुठे गेले, हे कंपनीत कोणालाच माहीत नव्हतं.

तुंगाबाईंनी प्रश्न ऐकला. कढई खाली उतरवली. उप्पीट वाढलं, वर शेव घातली, लिंबाची फोड ठेवली.

“सांगता येत नाही हो,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला येतं काय?”

“मला विचारायचं नाही काकू. नियम आहे.”

“मग खा.”

वासुदेवने नऊ टाकलं. शेवटी एक वाक्य उत्तर देणाऱ्याच्या शब्दांत लिहून घ्यायचं असतं. तुंगाबाई म्हणाल्या, “युद्ध व्हायचंच असलं तर होऊ दे बापा, आपल्याला विचारून कोण करतंय? पण माझा मोहन बाळंतपणाला घरी यायला पाहिजे. तेवढं लिहा.”

वासुदेवने शब्दन् शब्द लिहिला. या बाबतीत तो फार काटेकोर होता. फक्त ‘मुलाखत समाप्त’ हे बटण दाबायचं राहिलं, कारण तेवढ्यात दुसऱ्यांदा उप्पीट आलं.

आठवड्याने आकडे आले. पूर्ण युद्ध एकोणीस टक्के, मर्यादित कारवाई सतरा, आधी बोलणी मग कारवाई तेवीस, फक्त बोलणी दहा, आणि सांगता येत नाही एकतीस. देशात सगळ्यात मोठा गट तुंगाबाईंचा निघाला. वासुदेवने अहवालाच्या पहिल्याच ओळीत ते लिहिलं. पेपरने अहवाल दुसऱ्या ओळीपासून वाचला.

बातमीला एक चेहरा हवा, असा पेपरचा निरोप आला, शक्यतो सैनिकाच्या घरातला. वासुदेवने खाली विचारलं. तुंगाबाई मोतिया रंगाची इरकल नेसून मोहनच्या गणवेशातल्या फोटोशेजारी उभ्या राहिल्या आणि संमतीच्या कागदावर त्यांनी वळणदार कन्नडमध्ये सही केली. “वाकडा नाही ना आला फोटो?” एवढंच त्यांनी विचारलं.

मंगळवारी सकाळी वासुदेव खाली आला तेव्हा टेबलावर पेपर उघडा होता आणि त्यात काकू होत्या, चार कॉलमांत.

“काकू, झकास आलाय की फोटो!”

तुंगाबाई भाजी निवडत होत्या, पण पानं टाकून देठ ठेवत होत्या. त्यांचे यजमान नरसिंगराव कोपऱ्यात बसले होते. त्यांचं वह्या-पेनांचं दुकान होतं आणि दिवसाकाठी ते गिऱ्हाइकांशी जेवढं बोलत तेवढ्यावर त्यांचं भागत असे.

“खाली काय लिहिलंय ते वाचून दाखवू?” नरसिंगराव म्हणाले, आणि वाचलं. वर मथळा होता: दहापैकी नऊ जणांना हवी कारवाई. फोटोखाली: “‘होऊ दे युद्ध!’ – वीरमाता तुंगाबाई.”

हे पहिलं पान घरातल्या कोणी आधी पाहिलेलंच नव्हतं. समोरच्या कल्पनाक्का सकाळी साडेसहालाच आपला पेपर आणि बशीभर म्हैसूरपाक घेऊन अभिनंदनाला आल्या, आणि दार रूपश्रीने उघडलं होतं.

रूपश्री भांडली नाही. तिने बातमी पूर्ण वाचली, म्हैसूरपाक झाकून ठेवला आणि आत जाऊन पिशवी भरली.

“अत्ते, मी येलहंक्याला आईकडे राहून येते,” ती सासूला म्हणाली.

“किती दिवस गं?”

“बघते.”

“अगं, ते मी तसं म्हटलेलं नाही. वासुदेवण्णांना विचार.”

“वीरमाता कधी लिहितात, अत्ते?” रूपश्री म्हणाली. “माणूस गेल्यावर लिहितात.”

ती गेली. रविवारी तिचं डोहाळजेवण होतं. चाळीस बायकांना बोलावणं गेलं होतं, हिरवा चुडा आणून ठेवला होता. रविवारी येते की नाही, हे ती बोलली नव्हती.

“पिशवी मोठी होती,” तुंगाबाई वासुदेवला म्हणाल्या. “दोन दिवसांची पिशवी नव्हती ती.”

दुपारी दुसऱ्या एका पेपरचा वार्ताहर आला. या पेपरचं आणि पहिल्या पेपरचं कधी पटत नसे. तुंगाबाईंना बरंच वाटलं. त्या पुन्हा तीच साडी नेसल्या, आणि आपलं वाक्य त्यांनी या माणसाला सावकाश, पूर्ण, दोनदा सांगितलं. त्यानेही ते लिहून घेतलं. बुधवारी त्या पेपरात आलं: एक्क्याऐंशी टक्के जनतेला युद्ध नको. खाली तसाच फोटो, तीच इरकल, आणि ओळ: “‘माझा मोहन घरी यायला पाहिजे’ – सैनिकाच्या आईचा टाहो.”

संध्याकाळी मोहनचा फोन आला. तुंगाबाईंनी तो स्पीकरवर टाकला, कारण त्यांना दुसऱ्या प्रकारे फोन घेता येत नसे.

“आई, काय छापून आणलंस हे? मेसमध्ये टेबलावर पेपरच्या पानाची प्रिंट ठेवली होती कोणीतरी. माझ्या ताटाशेजारी.”

“कुठला पेपर रे?”

“दोन्ही.”

“मी एकच वाक्य बोलले.”

“सुट्टीचा अर्ज आत गेलाय माझा. आता मिळाली तर म्हणतील आईने पेपरात रडून मिळवली.”

“मी कुठे रडले?”

“पेपरात रडलीस. मी अर्ज मागे घेतो. आणि रूपा फोन उचलत नाही माझा, तिला काय झालं?”

“तिला पहिला पेपर झाला,” नरसिंगराव म्हणाले.

गुरुवारी वासुदेव त्या पहिल्या पेपरच्या कचेरीत गेला. वृत्तसंपादक वेणुगोपाल हुबळीचा. त्याला मराठी चांगलं यायचं. त्याने कॉफी मागवली.

“एकतीस टक्के गेले कुठे?” वासुदेवने विचारलं.

“ज्यांना मतच नाही त्यांची बातमी कशी करायची, सांग. ‘एक तृतीयांश देश गप्प’? कोण वाचेल?”

“म्हणून त्यांना वगळून टक्के काढलेत.”

“काढले. खाली टीप आहे तशी.”

“कुठे?”

“इंग्रजीत. कन्नडमध्ये जागा नव्हती.”

“बरं, वगळून शहाऐंशी येतात. शहाऐंशी म्हणजे दहापैकी नऊ कसे?”

“साडेआठ माणसं छापता येत नाहीत, वासुदेव.”

“त्यात ‘आधी बोलणी’वाले पण धरलेत तुम्ही. तेवीस टक्के.”

“बोलणी फसली तर कारवाई, असंच आहे ना? मग कारवाईला तयार आहेत की ते. पण त्या दुसऱ्यांनी काय केलं बघितलंस? पूर्ण युद्धवाले सोडून उरलेला सगळा देश शांततेत घातला! तुझ्या त्या नऊवाल्यांसकट!” वेणुगोपाल मनापासून चिडला होता. “ही काय पत्रकारिता झाली?”

दोन्ही आकडे बरोबर होते. वासुदेवने वाटेत बेरीज करून पाहिली होती. ती एकशे सदुसष्ट टक्के येत होती.

“आणि बाईंचं वाक्य?” तो म्हणाला. “अर्धं कापलंत.”

“जागा, रे. तेवढं मोठं वाक्य फोटोखाली बसत नाही. आणि खोटं काही नाही त्यात. म्हणाल्या ना ‘होऊ दे’?”

“त्यांची सून घर सोडून गेली. रविवारी तिचं डोहाळजेवण आहे.”

वेणुगोपालने कप खाली ठेवला. “अरेरे,” तो म्हणाला. “शुद्धिपत्र देतो. नक्की देतो. रविवारी किती वाजता म्हणालास?”

शुद्धिपत्र शुक्रवारी अकराव्या पानावर आलं. नरसिंगरावांनी ते भिंग घेऊन वाचून दाखवलं. मंगळवारच्या अंकात श्रीमती तुंगाबाई यांचं वय चौसष्ट असं प्रसिद्ध झालं होतं, ते बासष्ट असं वाचावं, चुकीबद्दल दिलगीर आहोत.

“संपलं?” तुंगाबाईंनी विचारलं.

“संपलं.”

“सरी, बरं झालं,” त्या म्हणाल्या. “दोन वर्षं तरी परत दिली.”

मग त्या वासुदेवकडे वळल्या. “तुमच्या त्या यंत्रात माझं बोलणं सगळं आहे की?”

“आहे. तपासणीसाठी आवाज साठवतात.”

“त्यात कापत नाहीत ना?”

“नाही, पण...”

“मग तिला ऐकवा.”

“काकू, ते बाहेर द्यायचं नसतं. गुप्त असतं.”

“कोणापासून गुप्त? बोलले मी, ऐकलं तुम्ही. पेपरात घातलं तेव्हा चाललं. सुनेला ऐकवायला चालत नाही?”

यावर कंपनीच्या नियमावलीत काही नव्हतं. वासुदेवने बेळ्ळंदूरला त्याच्या वरिष्ठ बाईंना, शुभदाला, फोन लावला. शुभदा नागपूरची, आणि तिचा आवाज कधीही चढत नसे; त्याचीच लोकांना भीती वाटे.

“वन मिनिट, वासुदेव,” ती म्हणाली. “बाराव्या डिफेन्स फॅमिलीची रिस्पॉन्डंट तुझी घरमालकीण आहे?”

“हो.”

“हे तू मला ऑफिशियली सांगतोयस?”

वासुदेवने दाराकडे पाहिलं. तुंगाबाई तिथेच उभ्या होत्या, हातात हिरवा चुडा घेऊन. तो कपाटात ठेवायचा की बाहेर, हे त्यांचं दोन दिवस ठरत नव्हतं.

“हो,” तो म्हणाला. “ऑफिशियली.”

“मग इंटरव्ह्यू कॅन्सल. तुला मेमो. ट्रेनिंग यापुढे दुसरं कोणी घेईल. आणि कॅन्सल्ड इंटरव्ह्यूचं रेकॉर्डिंग आपल्याला ठेवता येत नाही, रिस्पॉन्डंटला परत द्यावं लागतं. क्लॉज चौदा. ते तिने कोणाला ऐकवावं, हा तिचा प्रश्न.” मग ती म्हणाली, “उप्पीट चांगलं होतं का रे? पूर्ण ऐकलंय मी ते.”

नमुन्यातून तुंगाबाई वजा झाल्या. दोन हजार सोळाचे दोन हजार पंधरा उरले. टक्के पुन्हा काढण्यात आले. देशाचं मत जसंच्या तसं राहिलं.

शनिवारी दुपारी वासुदेव येलहंक्याला गेला. रूपश्रीच्या माहेरचं घर विमानतळाच्या बाजूला, हवाई दलाच्या तळाजवळ. विमान डोक्यावरून गेलं की त्या घरात सगळे बोलता बोलता थांबत आणि ते गेल्यावर त्याच शब्दापासून पुढे सुरू करत.

रूपश्री खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. “अत्तेंनी पाठवलं?”

“हो. आणि हेही त्यांनीच पाठवलं.” त्याने फोन टेबलावर ठेवला.

आधी फ्रिज आणि खोल्या झाल्या. मग मुख्य प्रश्न. मग कढई खाली ठेवल्याचा आवाज आणि बराच वेळ नुसता झारा. ‘सांगता येत नाही हो. तुम्हाला येतं काय?’ ‘मला विचारायचं नाही काकू. नियम आहे.’ ‘मग खा.’ रूपश्रीच्या ओठाचा कोपरा हलला, पण तिने तो लगेच जागेवर आणला. मग ते वाक्य आलं, पूर्ण.

“एवढंच ना?” ती म्हणाली. “मला कल्पना होती की कापलं असेल. पण ‘होऊ दे’ हे शब्द त्यांचेच आहेत ना, वासुदेवण्णा? मला तेच...”

विमान आलं. गेलं.

“...मला तेच लागलं. असं तोंडातून निघतंच कसं.”

वासुदेवने फोन बंद करायला हात पुढे केला. पण रेकॉर्डिंग चालूच होतं, कारण त्या दिवशी बटण दाबायचं राहिलं होतं. ताटलीवर चमचा वाजला आणि तुंगाबाईंचा आवाज आला, आधीपेक्षा हळू.

‘रूपाला सांगू नका हं. पेपर सहाला येतो ना, तो आधी मी घेते. पहिलं पान काढते आणि गादीखाली घालते. तिला पुरवणी देते. पोटुशी पोर, कशाला वाचायचं तसलं? पहिलं काढलं की शेवटचंही जातं, एकाच कागदाचं असतं ते. ह्यांना महिनाभर क्रिकेट मिळालेलं नाही. बोलत नाहीत बिचारे.’

‘आणि तुम्ही वाचता का काकू?’

‘छे हो. न वाचताच काढते. एकदा वाचलं होतं, तर रात्रभर मोहन दिसत राहिला. म्हणून तर म्हटलं, सांगता येत नाही. घ्या की अजून, संपवायचंय.’

पुढे भांडी घासल्याचा आवाज होता. रूपश्रीने तोही शेवटपर्यंत ऐकला.

“गादीखाली,” ती म्हणाली. “म्हणून ती गादी एका बाजूने वर आलीय. मला वाटलं, पाठदुखीसाठी केलंय काहीतरी.”

“तुम्हाला पान नसल्याचं कळलं नाही?”

“कळलं होतं. मामंजी दुकानात नेतात असं वाटायचं. आणि मला काय फरक पडत होता? मी सगळं फोनवर वाचत होते. पहाटे चारपासून. त्या उठल्या की फोन उशीखाली, आणि दिवसभर त्यांच्यासमोर पुरवणीतलं शब्दकोडं सोडवायचं, म्हणजे त्यांना वाटावं पोरीला काही माहीत नाही.” तिने नाक पुसलं. “मला शब्दकोडी मुळीच आवडत नाहीत.”

“मग उद्या येताय ना?”

तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. “हे तुम्ही विचारताय, की मोजताय?”

“विचारतोय.”

“सांगता येत नाही,” रूपश्री म्हणाली.

त्यावर पुन्हा विचारायचं नसतं, हाही नियमच होता. वासुदेवने फोन उचलला आणि तो निघाला.

रविवारी साडेअकराला घर बायकांनी भरलं. पाटाभोवती रांगोळी होती, पाट रिकामा होता. तुंगाबाई फाटकाशी उभ्या होत्या. कोणी विचारलं तर उन्हाला उभी आहे म्हणत. आत बायकांचे दोन तट पडले. येते म्हणणाऱ्या जास्त होत्या, पण त्या लांबच्या होत्या. जवळच्या गप्प होत्या. वासुदेवला स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं होतं, आणि सवयीने त्याने मनात तक्ता मांडला होता.

वेणुगोपालच्या पेपरची मेघाश्री नावाची वार्ताहर छायाचित्रकार घेऊन आली होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं, पण कल्पनाक्कांनी तिला बसायला खुर्ची दिली होती.

सव्वाबाराला गाडी थांबली. आधी रूपश्रीची आई उतरली, मग रूपश्री. तुंगाबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. त्यांनी डिकीकडे पाहिलं. ड्रायव्हरने पिशवी काढली. तीच होती, मोठी.

“ऊन लागलं काय गं?” तुंगाबाई म्हणाल्या.

“तुम्हाला लागलंय,” रूपश्री म्हणाली. “आत चला.”

चुडा भरला, ओटी भरली, गाणी झाली. मोहनला व्हिडिओवर घेऊन फोन नारळाला टेकवून उभा केला.

“अर्ज मागे घेतलास काय रे?” नरसिंगरावांनी मागून विचारलं.

“मागे घ्यायचाही अर्ज करावा लागतो, बाबा. तो दिलाय. अजून मंजूर नाही.”

“मग तो मागे घे.”

मग दोन झाकलेल्या वाट्या आल्या. एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. होणाऱ्या आईने एक उघडायची, पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. बायकांचा गलका सुरू झाला. मेघाश्री वही घेऊन एकेकीला विचारत फिरू लागली, काय हवं, काय वाटतं, सैनिकाच्या घरी काय व्हावं. शेवटी ती रूपश्रीकडे वाकली. रूपश्रीने तिला तीन शब्दांत काहीतरी सांगितलं आणि दोन्ही हातांनी दोन्ही वाट्या एकदम उघडल्या.

“अगं, असं नसतं!” कल्पनाक्का ओरडल्या. “एकच उघडायची!”

“दोन ठेवल्यात की तुम्ही,” रूपश्री म्हणाली. तिने अर्धा पेढा खाल्ला, अर्धी बर्फी खाल्ली, आणि उरलेलं अर्धं-अर्धं सासूच्या हातावर ठेवलं. छायाचित्रकाराने पेढ्याच्या वेळी बटण दाबलं.

सोमवारी पहाटे सहाला वासुदेव ऑफिसला निघाला. फाटकाशी रूपश्री उभी होती, आणि पेपरवाला आत्ताच गेला होता. पहिल्या पानावर खाली ती होती, पेढा खाताना.

“काय लिहिलंय?” त्याने विचारलं.

“‘वीराच्या घरी वीरच हवा. दहापैकी नऊ महिलांचा कौल.’”

“चाळीस बायका होत्या.”

“तिने दहाजणींना विचारलं. मोजलं मी.”

“आणि दहावी?”

“दहावी मी,” रूपश्री म्हणाली. “मला काय म्हणायचं होतं ते तुम्हाला माहीत आहे.”

तिने पहिलं पान अलगद सोडवलं. त्याबरोबर शेवटचंही आलं. दोन्हीची घडी घातली, शालीखाली धरली आणि उरलेला पेपर घेऊन आत गेली. वासुदेव लगेच निघाला नाही, तिच्यामागे दारापर्यंत गेला.

तुंगाबाईंनी पुरवणी बाजूला ठेवून पेपर उलगडला. दोन्हीकडचे अधिकारी भेटल्याची चार ओळींची बातमी नवव्या पानावर होती, शाळांच्या जाहिरातीखाली. त्या ती वाचत होत्या की जाहिरात, ते दारातून दिसत नव्हतं.

“आज पेपर स्वल्प पातळ आहे की गं,” त्या म्हणाल्या.

“सोमवार आहे ना, अत्ते,” रूपश्री म्हणाली, आणि पेन्सिल घेऊन शब्दकोड्याला बसली.

नरसिंगरावांनी शेवटचं पान शोधलं. ते मिळालं नाही, तेव्हा त्यांनी कॉफी मागितली.